मलाय लोकांची केरिस

खंजीर हा शब्द तुम्हांला चांगला परिचित आहे. खंजीर म्हटले की भांडण आणि रक्तपात आठवतो. पण जगात अशीही एक कट्यार आहे, की गादीवर बसताना राजा तिचे चुंबन घेतो. तिचे नाव केरिस. इंडोनेशिया, मलेशिया आणि आसपासच्या प्रदेशांत ती आढळते.

केरिसचा उगम जावा बेटावर झाला, असे मानतात. तेथील सुकुह येथे पंधराव्या शतकातले एक मंदिर आहे. त्याच्या भिंतीवरील शिल्पात लोहार केरिस घडवताना दिसतो. जावाहून ती सुमात्रा बेटावर आणि मलाय द्वीपकल्पात गेली. सुमात्रातील मिनांगकाबाउ लोकांत एक लांब, अरुंद व सरळ पात्याची केरिस प्रसिद्ध झाली. तिला 'केरिस पांजांग' म्हणतात. 'पांजांग' म्हणजे लांब. तिचे पाते सुमारे दीड-दोन फूट असते. इतर अनेक केरिसचे पाते मात्र नागमोडी असते. त्याच्या वळणांची संख्या नेहमी विषम असते.

केरिस घडवणाऱ्या कारागिराला जावात 'एम्पू' म्हणतात. तो वेगवेगळ्या प्रकारचे लोखंड तापवून, घडी घालून पुन्हापुन्हा ठोकतो. मग पात्याला लिंबाचा रस व सोमल लावतात. त्यामुळे पात्यावर लाटांसारखी सुंदर नक्षी उमटते.

पूर्वी केरिस सर्रास बाळगली जाई. पंधराव्या शतकात माहुआन नावाचे चिनी मुसलमान दुभाषी जावाला गेले होते. त्यांनी लिहून ठेवले आहे, की तेथे तीन वर्षांच्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत सर्व पुरुष कमरेला खंजीर लावतात. कोणी डोक्याला हात लावला किंवा पैशांवरून तंटा झाला, तरी तो लगेच बाहेर निघतो. पुढे मलाय राज्यांत मृत्युदंड देण्यासाठीही लांब, सरळ केरिस वापरत. म्हणजे ही केरिस केवळ शोभेची वस्तू नव्हती.

हळूहळू तिच्याभोवती रीतिरिवाज निर्माण झाले. केरिस बापाकडून मुलाकडे येऊ लागली. अशा वडिलोपार्जित ठेव्याला 'पुसाका' म्हणतात. केरिस पाहून माणसाचे घराणे व दर्जा ओळखता येई. नवरदेवाच्या पोशाखात तिला मानाचे स्थान मिळाले. जावात समारंभाच्या वेळी केरिस कमरेला पाठीमागे खोचतात. आपल्यापासून समोरच्या माणसाला धोका नाही, असा त्याचा अर्थ लावतात.

मलेशियात नऊ राज्यांचे राजे आहेत. त्यांच्यापैकी एकाची पाच वर्षांसाठी देशाचा राजा म्हणून निवड होते. राज्यारोहणाच्या समारंभात राजापुढे शाही लांब केरिस आणतात. मलाया १९५७ मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा त्यात ११ राज्ये होती. त्या ११ राज्यांच्या केरिसच्या पात्यांचे पोलाद एकत्र करून ही एक केरिस घडवलेली आहे. राजा ती म्यानातून काढतो, तिचे चुंबन घेतो आणि परत म्यानात ठेवतो. २० जुलै २०२४ रोजी सुलतान इब्राहिम यांच्या राज्यारोहणातही हा विधी झाला. २००५ मध्ये युनेस्कोने इंडोनेशियाच्या केरिसला मानवजातीचा अमूल्य वारसा म्हणून गौरवले.

पण शस्त्र हे शेवटी शस्त्रच. २००५ मध्ये मलेशियातील एका राजकीय नेत्याने भर सभेत केरिस उपसून उंच धरली. त्याच्या मते तो परंपरेचा सन्मान होता. देशातील चिनी व भारतीय वंशाच्या लोकांना मात्र ती धमकी वाटली. अखेर २००८ मध्ये त्या नेत्याने माफी मागितली.

मित्रांनो, दोघांच्याही हातात केरिसच होती. राजाने तिचे चुंबन घेतले, तेव्हा तो सर्वांचा मान ठरला. नेत्याने ती उगारली, तेव्हा शेजाऱ्यांच्या मनात भीती निर्माण झाली. पूर्वजांकडून आलेली वस्तू आपण कशी हाताळतो, यावरच तिची किंमत ठरते. तुमच्या घरातही आजोबा-पणजोबांची एखादी वस्तू असेल. ती वस्तू तुम्ही कशी सांभाळाल, याचा जरूर विचार करा.