चौऱ्याऐंशी गावांचा गड

भिलाईतलं खुर्सीपार म्हणजे आज पोलाद कारखान्याच्या भोवती वाढलेली दाट कामगारवस्ती. ही जमीन मात्र कारखान्याच्या कितीतरी आधीपासून मोजली, वाटली आणि पुन्हा वाटली गेलेली आहे. त्यातली एक वाटणी मराठी अंमलदारांनी केली, आणि तिच्याविषयी आपल्याकडे फारच कमी लिहिलं गेलं.

मराठ्यांच्या आधीच्या हैहय राजांच्या काळी छत्तीसगडात गावाचा प्रमुख गौंटिया, बारा गावांवर दाऊ आणि चौऱ्याऐंशी गावांच्या गडावर दिवाण अशी उतरंड होती. असे अठरा गड रतनपूरकडे आणि अठरा रायपूरकडे. दुर्ग हा रायपूरकडचा. प्रत्येक गडात गावं नेमकी चौऱ्याऐंशी असत असं नाही. तो आकडा मापाचा होता, शिरगणतीचा नव्हे.

गावाच्या आत तर आणखी विलक्षण रीत होती. ती म्हणजे लाखाबाटा. काही वर्षांनी गावची सगळी शेतं एकत्र धरून पुन्हा वाटायची. काळी कन्हार, पिवळसर मटासी, दोन्हींच्या मधली डोरसा आणि मुरमाड भाठा अशा प्रत्येक प्रतीच्या जमिनीत प्रत्येक कुटुंबाला तुकडा मिळे. हिस्सा ठरे नांगरांवर. त्यामुळे एकाच शेतकऱ्याची शेतं गावभर विखुरलेली असत, पण चांगली जमीन कायमची एकाच घरात अडकून राहत नसे. माझ्या मते या मुलखातली सर्वांत शहाणी जमीनवाटणी हीच.

1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत इथे उतरले. 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. 1787 मध्ये ते वारल्यावर सुभेदार आले, आणि विठ्ठल दिनकर यांच्या सुभेदारीत 1790 च्या सुमारास गड मोडून सत्तावीस परगणे केले गेले. दिवाण आणि दाऊ गेले, कमाविसदार आणि फडणवीस आले. हिशेब नीट झाला हे खरं, पण गड हे नात्यागोत्याचं आणि इमानाचं एकक होतं, परगणा निव्वळ वसुलीचा. रयतेचं यात नुकसानच झालं.

हे सारं खालशाच्या, म्हणजे थेट सरकारी अंमलातल्या, सपाट मुलखापुरतं. डोंगराकडच्या गोंड मुलखातल्या पानाबरस, कोराचा, डौंडी-लोहारा अशा जमीनदाऱ्या टकोली, म्हणजे खंडणी, भरत आणि आपापल्या रीतीने चालत. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणारी दल्ली-राजहराची खाण याच डोंगरपट्ट्यात आहे.

1818 नंतर इंग्रज अधीक्षकांनी सत्तावीसचे आठ परगणे केले. त्यांत दुर्ग टिकला. 1860 च्या दशकातल्या बंदोबस्तात गौंटियांना मालगुजार म्हणून मालकी हक्क मिळाले. शेताची सीमा आणि मालकाचं नाव कागदावर पक्कं होत गेलं, तशी लाखाबाट्याची रीत मागे पडली. 1906 मध्ये दुर्ग जिल्हा झाला, 1951 मध्ये मालगुजारी संपली. 1955 मध्ये पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली.

भोसल्यांचा इतिहास आपण बहुधा लढायांपुरता वाचतो. त्यांच्या छत्तीसगडातल्या कारभाराचं मोजमाप मात्र परगण्यांच्या हिशेबातूनच होईल. मोडी येणाऱ्या तरुण अभ्यासकांनी नागपूरच्या पूर्वेकडच्या या कागदांकडे वळावं.