रांजणाचे घनफळ आणि कलनशास्त्राचे दुसरे सत्र

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर घाटघर हे गाव वसले आहे. गावाजवळून नाणेघाटाची प्राचीन वाट कोकणात उतरते. घाटाच्या मुखाशी सातवाहनकालीन लेणे असून त्यातील ब्राह्मी लेखामधील संख्याचिन्हे गणिताच्या इतिहासकारांस सुपरिचित आहेत. तेथेच एक मोठा दगडी रांजण आहे. घाटातून जाणाऱ्या मालावरील जकात त्यात टाकीत असत, असे परंपरा सांगते. त्या परंपरेचा निर्णय इतिहासाने करावा. गणिताच्या विद्यार्थ्यापुढे हा रांजण निराळाच प्रश्न उभा करतो: त्याच्या पोटात मावते किती?

कलनशास्त्राचा जो भाग अनेक विद्यापीठांत दुसऱ्या सत्रात शिकविला जातो, त्यात समाकलनाच्या रीती, परिभ्रमणाने उत्पन्न होणाऱ्या घनाकृती आणि अनंत श्रेढी हे विषय एकापाठोपाठ एक येतात. पहिल्या सत्रातील अवकलनाचे नियम थोडे व निश्चित असतात. नियम पाळला की उत्तर हाती येतेच. समाकलनात तशी हमी नाही. त्यामुळे हे सत्र म्हणजे परस्परांशी संबंध नसलेल्या युक्त्यांचे गाठोडे होय, असा विद्यार्थ्याचा समज होतो आणि युक्त्या पाठ करण्यातच सत्र सरते. वस्तुतः या सर्व प्रकरणांतून एकच सूत्र गेले आहे. अचूक उत्तर हाती नसतानाही ते कोणत्या दोन मर्यादांच्या आत आहे, हे खात्रीने सांगता येणे, हे ते सूत्र होय.

उदाहरणादाखल एक कल्पित रांजण घेऊ. त्याची आतील खोली १२ डेसिमीटर असून तोंडाशी व पुढे दर ३ डेसिमीटर खोलीवर त्याची त्रिज्या अनुक्रमे ३, ५, ६, ५ व २ डेसिमीटर आहे. मध्यापर्यंत पोट फुगत जाते व तेथून तळापर्यंत निमुळते होते, एवढे गृहीत धरावे. रांजण आडव्या पातळ्यांनी कापला असता चार चकत्या होतात. प्रत्येक चकतीच्या जागी तिच्यातील लहानात लहान त्रिज्येची वृत्तचिती कल्पिल्यास त्यांच्या घनफळांची बेरीज पायच्या १८९ पट, म्हणजे सुमारे ५९४ लिटर येते. मोठ्यात मोठी त्रिज्या घेतल्यास ती पायच्या ३६६ पट, म्हणजे सुमारे १,१५० लिटर होते. खरे घनफळ या दोहोंच्या मध्ये आहे, याविषयी शंका नाही. परंतु अंतर फार मोठे आहे.

हे अंतर कशावर अवलंबून आहे, हे पाहणे उद्बोधक ठरते. वरच्या अर्ध्या भागात त्रिज्येचा वर्ग ९ पासून ३६ पर्यंत चढतो आणि खालच्या भागात ३६ पासून ४ पर्यंत उतरतो. चढ २७ व उतार ३२, मिळून ५९. चकत्या सारख्या जाडीच्या असून एक काप मध्यावर पडत असेल, तर दोन बेरजांतील अंतर नेहमी जाडी, ५९ व पाय यांच्या गुणाकाराएवढे असते. जाडी निम्मी केली की अंतर निम्मे होते. ते एका लिटरच्या आत आणावयाचे असल्यास सुमारे सव्वादोन हजार चकत्या पुरतात. कोणीही कितीही सूक्ष्म मर्यादा सांगितली, तरी तिच्या आत येण्यास पुरेशा चकत्या करता येतात. समाकल अस्तित्वात असणे याचा अर्थ हाच. सीमेची व्याख्या येथे पाठांतराचा विषय राहत नाही, ती रांजणाच्या मापाची हमी बनते.

चकत्यांची ही कल्पना युरोपात व्यवहारातूनच पुढे आली. १६१३ मध्ये लिंझ येथे आपल्या विवाहासाठी द्राक्षासव खरेदी करताना केप्लरच्या असे लक्षात आले की, व्यापारी पिंपात तिरपी काठी घालून तिच्या ओल्या लांबीवरून घनफळ ठरवितात. ही रीत कितपत विश्वसनीय, या शंकेतून त्याचा पिंपांच्या घनफळावरील ग्रंथ १६१५ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूटन व लायब्निट्स यांच्या कार्याला त्यानंतर अर्धे शतक अवकाश होता.

त्या दोघांनी पुढे आणलेला मूलभूत प्रमेय चकत्यांचे श्रम वाचवितो. ज्याचा अवकलज दिलेले फलन आहे असे दुसरे फलन सापडले, तर दोन टोकांच्या किमतींची वजाबाकी पुरते. समाकलनाच्या सर्व रीती या शोधासाठी आहेत. पण शोध नेहमी सफल होत नाही. ई या संख्येचा उणे क्ष-वर्ग हा घात घेतल्यास मिळणारे फलन दिसावयास साधे आहे, संभाव्यताशास्त्रात पदोपदी लागते, आणि तरीही त्याचा समाकल परिचित फलनांच्या सांत मिश्रणाने लिहिता येत नाही. अशा अशक्यतेची सिद्धता देणारी उपपत्ती लियूव्हीलने १८३० नंतरच्या दशकात उभारली.

अनंत श्रेढी याच सत्रात का येतात, याचे उत्तर येथे मिळते. वरील फलनाची श्रेढी मांडून पदशः समाकलन केले असता शून्य ते एक या अंतरालातील किंमत १ − १/३ + १/१० − १/४२ + १/२१६ − … अशी येते. पदे आळीपाळीने धन व ऋण असून लहान होत शून्याकडे जातात. म्हणून पाच पदांवर थांबल्यास होणारी चूक सहाव्या पदाहून, म्हणजे १/१३२० हून, मोठी असू शकत नाही. रांजणात दोन बेरजांनी जे काम केले, तेच येथे पुढील पद करते.

पदे लहान होत जाणे एवढेच मात्र पुरेसे नाही. नाणेघाटच्या लेखात दक्षिणेच्या नोंदींमध्ये २४,४०० कार्षापणांचा उल्लेख आहे. १ + १/२ + १/३ + … या श्रेढीची तितकी पदे मिळविली, तरी बेरीज ११ पर्यंत पोहोचत नाही. केवळ आकडेमोड करणारा ती स्थिरावली असे म्हणेल. परंतु १/३ व १/४ मिळून १/२ हून अधिक, पुढील चार पदे मिळून पुन्हा १/२ हून अधिक, त्यापुढील आठही तशीच. यास्तव बेरीज कोणतीही मर्यादा ओलांडते. श्रेढी अपसारी आहे. डोळ्यांना जे थांबल्यासारखे वाटते ते थांबलेले नसते, आणि हा भेद सिद्धतेवाचून कळत नाही.

आज समाकलनाच्या बहुतेक रीती संगणक क्षणात पार पाडतो. रांजणाची मापे कोणती घ्यावी, चकत्या कोणत्या दिशेने कापाव्या आणि आलेल्या उत्तरावर कितपत विसंबावे, हा विचार मात्र विद्यार्थ्यानेच करावयाचा असतो. परीक्षेत केवळ रीती विचारल्या गेल्यास विद्यार्थी रीतीच शिकेल. उत्तरासोबत चुकीची मर्यादा मागितली, तर त्याला आपण काय जाणतो व किती जाणतो, हे वेगळे करता येऊ लागेल. पुढील विश्लेषणशास्त्राचा पाया तोच होय.