बेस गिटारचा अँप्लिफायर घरीच तयार करा

घरातला मुलगा बेस गिटार घेऊन आला, की चार दिवसांत पुढची मागणी येते, ‘याला अँप्लिफायर पाहिजे.’ मग घरात कुरबुर सुरू होते. आधी गिटारचा खर्च, आता हा दुसरा! पण मुलाचे म्हणणे खोटे नसते. ढोलकी थाप मारली की बोलते. बेस गिटार मात्र अँप्लिफायरशिवाय मुकीच.

अशा वेळी तयार अँप्लिफायर विकत घेण्याआधी एक विचार करा. तुमच्या घरात मोटारीचा स्टार्टर उघडून बसवणारे हात असतील, मुलाला सोल्डरिंग येत असेल किंवा शिकायची हौस असेल, तर सरावापुरता अँप्लिफायर घरीच होतो. मात्र कष्ट कुठे घ्यायचे, हे आधी नीट समजून घ्यावे.

खर्ज म्हणजे पाण्याचा मोठा उपसा

बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. हा झाला खर्ज. एवढा खोल आवाज काढायला स्पीकरचा पडदा पुष्कळ पुढे-मागे हलवावा लागतो आणि त्याला ताकद लागते. गिटारमधील चुंबक व तारेच्या वेटोळ्यातून मिळणारा विद्युतसंकेत मात्र एक व्होल्टही नसतो.

तो मोठा करण्याचे काम ट्रान्झिस्टर करतो. पाइपलाइनवरचा व्हॉल्व्ह हाताने थोडा फिरवला, की पाण्याचा मोठा लोट कमी-जास्त होतो, तसेच हे. ट्रान्झिस्टर १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला आणि लिओ फेंडर यांची ‘प्रिसिजन बेस’ ही गिटार १९५१ साली बाजारात आली. जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत. त्यांच्या जागी सिलिकॉनच्या घन तुकड्यातून प्रवाह नेणारे हे भाग आले, म्हणून या यंत्राला ‘सॉलिड स्टेट’ म्हणतात.

काय काय लागेल?

मुख्य भाग म्हणजे टीडीए २०३०ए ही पाच पायांची आयसी. शिवाय १२-०-१२ व्होल्ट, ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ३ अँपिअरचे चार डायोड, ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचे दोन कपॅसिटर आणि १२ इंची, ४ ओहमचा बेससाठीचा स्पीकर. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सारे मिळते. नकली आयसीही बाजारात असतात. त्यामुळे ओळखीच्या दुकानातून घ्या आणि एक जादा ठेवा.

आयसी निवडताना शेवटचे ‘ए’ अक्षर पाहून घ्या. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून डायोड व कपॅसिटरनंतर प्रत्येक बाजूला साधारण १६ ते १७ व्होल्ट मिळतात. पण गावात रात्री पंप बंद झाले, की विजेचा दाब २५० च्या वर चढतो. साध्या टीडीए २०३० ची मर्यादा १८ व्होल्ट, तर ‘ए’ची २२ व्होल्ट. चढत्या दाबात ‘ए’ तग धरते.

मोठे कपॅसिटर म्हणजे आपला हौद. बोअरचे पाणी कमी-जास्त आले, तरी हौद भरलेला असला की पाटाला धार सारखी राहते. येथे काटकसर केली, की जोरात वाजवताना खर्ज फाटतो.

जोडणी

जोडणीची आकृती आयसीच्या माहितीपत्रकात असते. तिच्यात २२ किलोओहम व ६८० ओहम या रोधांनी संकेत सुमारे ३३ पट होतो. ६८० ओहमच्या रोधाबरोबर २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. त्याऐवजी २.२ चा बसवला, तर १०० च्या खालचे कंप गळू लागतात, म्हणजे नेमका खर्जच जातो!

गिटार सरळ या आयसीला जोडू नये. मध्ये टीएल ०७२ ही छोटी आयसी घ्या, तिच्या तोंडाशी १ मेगाओहमचा रोध ठेवा आणि संकेत आठ-दहा पट करून घ्या. तिचा आवाजाचा बटण मोठ्या आयसीच्या आधी येतो. छोट्या आयसीला ७८१२ आणि ७९१२ या रेग्युलेटरमधून वीज द्या. हे दोघे दिसायला सारखे, पण पायांचा क्रम वेगळा. माहितीपत्रक पाहिल्याशिवाय डाख देऊ नका.

मोठ्या आयसीच्या पाठीचा पत्रा ऋण पुरवठ्याला जोडलेला असतो. म्हणून पंखांच्या ॲल्युमिनियमवर ती बसवताना मध्ये अभ्रकाचा तुकडा आणि पांढरी पेस्ट हवीच. वाजता वाजता आवाज बंद होऊन थोड्या वेळाने परत आला, तर ॲल्युमिनियम लहान पडते आहे असे समजा. सर्व अर्थच्या तारा एकाच बिंदूवर आणा आणि ट्रान्सफॉर्मर गिटारच्या सॉकेटपासून दूर ठेवा. नाहीतर घरघर ऐकू येईल.

पेटी विसरू नका

नुसता स्पीकर टेबलावर ठेवला, तर खर्ज येत नाही. पडद्याच्या पुढची हवा दाबली जाते तेव्हा मागची सैल होते आणि दोन्ही एकमेकींना मारतात. म्हणून मागची बाजू बंद करायची. आतून ५० × ४० × ३० सेंटिमीटर, म्हणजे ६० लिटरची, जाड प्लायवुडची पेटी गावचा सुतार करून देईल. सांध्यांना फेव्हिकॉल भरून लावा. कुठेही फट नको. अँप्लिफायर मात्र वेगळ्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

जिवाचे राखा

आता सर्वांत महत्त्वाचे. गिटारच्या तारा वायरमधून अँप्लिफायरच्या डब्याशी जोडलेल्या असतात आणि वाजवणाऱ्याचे दोन्ही हात त्या तारांवर असतात. डब्यात २३० व्होल्टची तार सुटून टेकली, तर वीज थेट मुलाच्या अंगात जाईल. म्हणून तीन पिनांचीच वायर घ्या आणि तिची हिरवी तार डब्याला स्क्रूने घट्ट आवळा. घरातील अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. केवळ तीन भोके दिसली म्हणजे अर्थिंग आहे असे नव्हे. ट्रान्सफॉर्मरच्या आधी अर्ध्या अँपिअरचा, सावकाश उडणारा फ्यूज घाला. बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असल्यास फारच चांगले.

पहिल्यांदा वीज देताना वायरमनचा सिरीज बोर्ड वापरा. त्यात ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावा. क्षणभर उजळून तो मंद झाला, तर ठीक. तसाच पेटत राहिला, तर लगेच बंद करून चूक शोधा. स्पीकर जोडण्यापूर्वी त्याच्या दोन टोकांवर मीटर लावून पाहा. पाच-पन्नास मिलीव्होल्ट चालतील, पण व्होल्ट दिसले तर स्पीकर जळेल. २३० व्होल्टच्या भागाचे काम जाणत्या माणसासमोरच करावे.

अपेक्षा किती ठेवावी?

हा अँप्लिफायर साधारण १५ वॅटचा. घरच्या सरावाला तो पुरतो. जत्रेच्या मैदानात मात्र पुरणार नाही. तेथे मोठी यंत्रणा भाड्याने घ्यावी. आणि कार्यक्रमात गिटार व माईक एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावरून चालवा. वेगवेगळ्या बोर्डांवर असले आणि एकाची अर्थिंग नसली, तर ओठ माईकला लागताच झटका बसू शकतो.

यातून मुलाला खर्ज तर ऐकू येईलच, शिवाय वीज कुठून येते, कुठे साठते आणि कुठे घात करते हेही कळेल. उद्या अँप्लिफायर बिघडला, तर तो उघडून दुरुस्त करणारा तुमच्या घरातच असेल.