तीन अस्वले आणि त्यांचा चित्रकार

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या एका पत्र्याच्या ट्रंकेत मला माझ्या लहानपणीचे एक चित्रांचे पुस्तक सापडले. ते केव्हाच रद्दीत गेले असे मी धरून चाललो होतो. टॉल्स्टॉयची तीन अस्वलांची गोष्ट, इंग्रजी भाषांतर, छपाई रशियातील. माझ्या स्मरणातले पुस्तक पाटीएवढे मोठे होते. हाती आले ते एक पातळसे चोपडे. तथापि पान उलटताच, दाट झाडीत शिरलेली ती इवलीशी मुलगी दिसली आणि साठ वर्षांपूर्वीचा तोच गोळा पोटात उभा राहिला.

पहिल्या पानावर बारीक टाइपात चित्रकाराचे नाव होते, यूरी वास्नेत्सोव्ह. ते पुस्तक मी शेकडो वेळा हाताळले असेन, परंतु हे नाव कधी वाचले नव्हते. मग जरा शोध घेतला. त्यात जे कळले तेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

वास्नेत्सोव्ह यांचा जन्म १९०० साली व्यात्का या गावी झाला. त्या गावाजवळ दिम्कोवो नावाची वस्ती आहे. तेथील बायका मातीची खेळणी करीत; भाजून त्यांना पांढरा हात देत आणि त्यावर लाल, पिवळे, निळे ठिपके व पट्टे रंगवीत. आपल्या सावंतवाडीची लाकडी खेळणी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा भडक परंतु प्रसन्न रंग ओळखीचा वाटेल. वास्नेत्सोव्ह यांच्या चित्रांतील प्राणी अशा खेळण्यांचेच भाऊबंद आहेत. ते मोठ्या अकादमीत शिकले, नवमताच्या चित्रकारांच्या हाताखालीही राहिले. पण बाळपणीच्या जत्रेतला रंग त्यांनी सोडला नाही.

आता ही पुस्तके इतकी देखणी का निघाली, ते पाहू. १९२४ पासून लेनिनग्राड येथील सरकारी प्रकाशनगृहाच्या बालविभागात कवी मार्शाक आणि चित्रकार लेबेदेव्ह ही जोडी काम करीत होती. लेबेदेव्ह यांचा कटाक्ष असा की, चित्रकाराने चित्र काढून ते छापखान्याच्या हवाली करून मोकळे होऊ नये. छपाईही त्याला कळली पाहिजे. म्हणून त्यांचे पुष्कळ चित्रकार स्वतः शिळेवर चित्र काढीत. शिळाछाप आपल्याला नवी नाही, आपल्या पणजोबांच्या पोथ्या तशाच छापलेल्या. दगडावर चरबीयुक्त खडूने रेखाटावे, दगड ओला करावा, मग तेलकट शाई फक्त खडूच्या रेघेवर बसते. प्रत्येक रंगाला दगड वेगळा. रविवर्म्याच्या छापखान्यातही, १८९४ पासून, हीच विद्या चालली. परंतु तेथे मूळ तैलचित्राची नक्कल दगडावर दुसरे कारागीर उतरवीत. लेनिनग्राडमध्ये दगडावरचा हात खुद्द चित्रकाराचाच असे. तीन अस्वलांची चित्रे १९३५ साली प्रसिद्ध झाली. माझी प्रत बऱ्याच नंतरच्या छपाईची आहे, तरी खडूचा तो दाणेदार स्पर्श तिच्यातही जाणवतो.

हे पुस्तक आमच्या घरी आले कसे? परदेशी भाषांतील पुस्तकांसाठी मॉस्कोत १९३१ साली एक संस्था निघाली. १९६३ साली तिला प्रोग्रेस हे नाव मिळाले, आणि १९८२ साली ललित व बालवाङ्मयासाठी रादुगा ही शाखा तिच्यातून वेगळी झाली. सरकारी खर्चाने छापलेली ही पुस्तके हिंदुस्थानात नाममात्र किमतीस मिळत. मराठी भाषांतरेही आली आणि लोकवाङ्मय गृहाने ती आपल्याकडे विकली. यात प्रचाराचा हेतू होता हे उघड आहे. मात्र अस्वलांच्या पेजेत मला राजकारण सापडले नाही. १९९१ च्या अखेरीस सोव्हिएत संघच मोडला आणि हा झरा आटला.

एक गोष्ट मात्र मला बोचली, ती सांगतो. टॉल्स्टॉयने ही कथा एका इंग्रजी लोककथेवरून, १८७५ साली निघालेल्या आपल्या क्रमिक पुस्तकासाठी लिहिली. म्हणजे हा वाचनपाठच होता! मी अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले. पहिलीतील मुलाने चित्र पाहून शब्द ओळखला, की मी चित्रावर तळहात ठेवी आणि म्हणे, "चित्र नको, अक्षर वाच." यात अगदीच चूक होती असे नाही, अक्षरओळख पक्की व्हायला तेही लागते. परंतु मी स्वतः वाचायला लागलो तो कशाच्या आधाराने? मोठे भांडे, मधले भांडे, धाकटे भांडे, हा क्रम मला इंग्रजीचा एक शब्द येत नसताना कळला होता. माझ्या चित्रावर कोणी हात ठेवला नव्हता.

ज्यांना आपली जुनी पुस्तके शोधावयाची असतील त्यांनी पुस्तकाचे नाव आठवत बसण्यापेक्षा चित्रकाराचे नाव मिळवावे. एका नावामागून त्याची दहा पुस्तके उभी राहतात. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ती अजून मिळतात. बऱ्याच हौशी मंडळींनी आपल्या प्रतींची छायाचित्रे काढून इतरांसाठी खुली केली आहेत.

ट्रंकेतले पुस्तक मी चार वर्षांच्या नातीपुढे ठेवले. चष्मा पुसून वाचावयास सुरुवात करणार, तोच तिने धाकट्या अस्वलावर बोट ठेवले. "आजोबा, ह्या छोट्याचंच सगळं संपलं ना?" मी अजून एक ओळही वाचली नव्हती.