तुटलेल्या बोल्टास चार उपाय

मोटारीच्या इंजिनांत शेंकडों लहानमोठे भाग असतात. परंतु त्या साऱ्यांस एकमेकांशीं धरून ठेवणारा जो बोल्ट, त्याची आठवण तो तुटेपर्यंत कोणास होत नाहीं. तुटल्यावर मात्र मिस्त्री कपाळास आंठ्या घालून सांगतो, "बोल्ट आंत राहिला," आणि मालकाच्या छातींत धस्स होतें. बोटाएवढ्या लोखंडाच्या तुकड्यापायीं कित्येकदां इंजिनाचा मोठा भागच नवा घ्यावा लागतो. हा खर्च टळूं शकतो काय, आणि टळत असल्यास कसा, हें मोटार बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबास ठाऊक असावें.

बोल्ट म्हणजे मळसूत्र काढलेला खिळा, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक तो एक प्रकारची स्प्रिंगच होय. पाना फिरवितांना बोल्ट केसभर ताणला जातो, आणि पूर्वस्थितीवर येण्याच्या त्याच्या ओढीमुळें दोन भाग परस्परांवर घट्ट दाबून बसतात. आपण पान्यास लावलेल्या जोरापैकीं सुमारें नव्वद टक्के जोर घर्षणांतच जिरतो. निम्मा डोक्याखालीं आणि उरलेला आट्यांत. प्रत्यक्ष ताणण्याच्या कामीं येतो तो अवघा दशांश. म्हणून आट्यांस तेल लागलेलें असलें, तर तेवढ्याच जोरानें बोल्ट किती तरी अधिक ताणला जातो. "अजून थोडा आवळ" म्हणणारा हात बोल्ट तोडतो, तो ह्याच कारणानें.

दुसरें कारण उष्णतेचें. इंजिनाचें हेड आजकाल बहुधा ॲल्युमिनियमचें असतें व बोल्ट पोलादाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतें. इंजिन रोज तापतें, रोज निवतें. त्या ओढाताणींत बोल्ट थकतो. त्यांत पाणी शिरलें म्हणजे ह्या दोन धातूंच्या संगतीनें गंज चढतो आणि आटे एकजीव होऊन बसतात. असा बोल्ट पुढें सोडवावयास गेलें कीं डोकें हातांत येतें आणि धड आंत राहतें.

गेल्या उन्हाळ्यांत आमचे पुतणे नागपुराहून पवनारास येत असतां त्यांच्या जुन्या गाडींतून फट् फट् असा आवाज येऊं लागला. धुराची नळी हेडास जेथें जोडलेली असते, तेथील एक बोल्ट तुटून हेडाच्या पृष्ठभागाशीं सपाट झाला होता. एका मोठ्या कारखान्यांत दाखवितां सांगण्यांत आलें कीं, संपूर्ण हेड बदलावें. त्या खर्चांत तसलीच जुनी गाडी आली असती! "आवाज तर आहे, चालवूं तशीच," असा विचार पुतण्याच्या मनांत आला. आम्हीं तो मोडून काढला. ह्या जोडांतून जो धूर निसटतो, त्यांत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास ना रंग, ना वास. आणि मागच्या बाकावर त्यांची चार वर्षांची मुलगी झोंपत असे.

अखेर गाडी आमच्या गांवच्या एका वयस्क मिस्त्र्याच्या दुकानीं नेली. त्यानें बॅटरीचा प्रकाश पाडून तुकडा न्याहाळला, कुंचल्यानें भोंवतालची घाण झाडली आणि तो म्हणाला, "गुरुजी, घाई नोका करू. लोखंडाले बी टाइम द्या लागते." पुढें त्याचें काम पाहतां पाहतां आमच्या ध्यानांत आलें कीं, आपल्या नीतिशास्त्रांत शत्रूस वश करण्याचे जे साम, दान, भेद व दंड हे चार उपाय सांगितले आहेत, तेच येथें त्याच क्रमानें लागू पडतात.

पहिला उपाय साम. आट्यांत झिरपणारें पातळ तेल थेंब थेंब सोडून तुकडा रात्रभर तसाच ठेवावा. मधून मधून त्याच्या माथ्यावर हलके ठोके द्यावे, म्हणजे गंजाची पकड ढिली होते. मग भोंवतालचें ॲल्युमिनियम बेतानें तापवावें. तें बोल्टापेक्षां अधिक फुगून जागा देतें. परंतु येथें सावधगिरी हवी. ॲल्युमिनियम सुमारें ६६० अंशांस वितळतें, आणि वितळण्यापूर्वीं लोखंडाप्रमाणें लाल होऊन इशारा देत नाहीं. शिवाय तेल व पेट्रोल ह्यांच्या शेजारीं ज्योत नेणें म्हणजे अनर्थास आमंत्रण. तुकड्याचें टोंक बाहेर असतें, तर पकडींत धरून तो एवढ्यावरच फिरला असता. आमचा सपाट असल्यामुळें सामानें भागलें नाहीं.

दुसरा उपाय दान. ज्याचें डोकें गेलें त्यास नवें डोकें द्यावयाचें! मिस्त्र्यानें बॅटरीच्या तारा सोडल्या. कारण वेल्डिंगच्या विजेनें गाडींतील नाजूक विद्युत्यंत्रणा बिघडते. धुराच्या वाटेंत चिंधीचा बोळा न घालतां पत्र्याचा तुकडा लावला, म्हणजे ठिणगी आंत जाऊं नये. नंतर तुकड्यावर एक नट ठेवून त्याच्या पोटांतून वेल्डिंगचा टांका भरला. ह्यांत दुहेरी लाभ होतो: पान्यास धरावयास जागा मिळते, आणि तापून लाल झालेला बोल्ट निवतांना आकुंचन पावून गंजापासून सुटतो. पहिला नट निखळून आला. दुसराहि आला. तिसरा मात्र टिकला. मिस्त्र्यानें पाना एकदम उलटा न ओढतां थोडा पुढें, थोडा मागें असा हलविला. दहाएक मिनिटांनीं एक बारीक कुरकुर ऐकूं आली आणि दोन वर्षांचा गंज अंगावर घेऊन तुकडा बाहेर पडला.

दान फसलें असतें तर भेद. तुकड्याच्या बरोबर मध्यावर ठशानें खूण करून लहान ड्रिलानें भोंक पाडावयाचें. ह्यासाठीं उलटें फिरणारें ड्रिल मिळतें. तें कापतां कापतांच पुष्कळदां बोल्टास सोडवून आणतें. न आणल्यास भोंकांत उलट्या आट्यांचा निमुळता खिळा फिरवितात. हा खिळा अतिशय कठीण परंतु ठिसूळ असतो. जोर अधिक झाला व तो आंत तुटला, तर साधें ड्रिल त्यास कापूं शकत नाहीं, आणि मूळचें दुखणें परवडलें अशी पाळी येते.

शेवटचा उपाय दंड. बोल्टाचा समूळ उच्छेद. आठ मिलिमीटरच्या नेहमींच्या बोल्टासाठीं ६.८ मिलिमीटरपर्यंत पायरीपायरीनें भोंक वाढवीत नेलें, म्हणजे आट्यांची पातळ साल तेवढी उरते. ती सोलून टॅपानें आटे साफ करावयाचे. टॅप अर्धा फेरा पुढें व पाव फेरा मागें असा चालवितात, म्हणजे कीस तुटून पडतो. भोंक तिरपें जाऊन जुने आटे नाहींसे झाल्यास तेथें मोठे आटे पाडून तारेचें वेटोळें बसवितात. हेड बदलण्याची पाळी ह्यानंतर येते, आधीं नव्हे.

नवा बोल्ट बसवितांनाहि विवेक पाहिजे. डोक्यावरील अंक पाहावे. ८.८ ह्यांतील पहिला आठ सांगतो कीं, दर चौरस मिलिमीटरास ८०० न्यूटन ताण पडल्यावर बोल्ट तुटेल. दुसरा आठ सांगतो कीं, त्याच्या आठ दशांशांस, म्हणजे ६४० न्यूटनांस, तो कायमचा ताणला जाईल. बोल्ट मूळच्याच जातीचा, लांबीचा व आट्यांचा असावा. इंग्लंडांत व्हिटवर्थ साहेबांनीं १८४१ मध्यें आट्यांचें प्रमाण ठरवून दिलें, तेव्हांपासून एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटास बसूं लागला. तरी आजहि निरनिराळीं प्रमाणें आहेत, आणि "जवळपास बसतो" असा बोल्ट जबरीनें कोंबल्यास आटे जातात. बंद भोंकांत तेल सांचूं देऊं नये. दाबलें गेलेलें तेल धातूस तडा पाडतें. मॅनिफोल्डाचे बोल्ट मधून बाहेर असे क्रमानें, दोन-तीन खेपांत, जोर मोजणाऱ्या पान्यानेंच आवळावे.

मिस्त्र्यानें दीड दिवसाची मजुरी मागितली. पुतण्यास ती "एका बोल्टासाठीं" जास्त वाटली. आम्हीं त्यांस विचारलें, "मोठ्या कारखान्यानें हेडाचा आंकडा सांगितला, तेव्हां तुम्ही घासाघीस केली होती काय?" आपल्या वर्गाची ही जुनी खोड आहे. कागदावर छापलेल्या रकमेपुढें आपण मान तुकवितों आणि काळवंडलेल्या हातांशीं मात्र दराची हुज्जत घालतों. पवनारास तरी ही खोड शोभत नाहीं. विनोबाजी १९३८ मध्यें येथें राहावयास आले. वेदोपनिषदांत मुरलेला हा पुरुष पुढें १९४६ पासून शेजारच्या सुरगांवीं फावडें घेऊन सफाईस जात असे. १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हेहि यंत्राचें तेल हातांस लागू देण्यांत कमीपणा मानीत नसत.

आपलीं मुलें अभियंते होतात. परंतु त्यांतील किती जणांनीं घट्ट बसलेला एक नट स्वतः सोडविला आहे? गाडी दुरुस्तीस देतांना त्यांस बरोबर न्यावें, मिस्त्र्याशेजारीं उभें करावें. आणि "हेड बदला" असें कोणीं सांगितल्यास एकच प्रश्न विचारावा: चारांपैकीं कोणकोणते उपाय करून पाहिले? उत्तर न मिळाल्यास गाडी उचलून दुसरीकडे न्यावी. पुतण्यानें मजुरी पुरती दिली. आणि मुलगी आतां मागच्या बाकावर सुखानें झोंपते.