जुना टी.व्ही. मोडीत काढू नका



घरावरच्या काठीच्या अँटेनावर दिसणारे दूरदर्शनचे ॲनालॉग प्रक्षेपण, मोजकी केंद्रे सोडता, २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद झाले. म्हणून जुन्या टी.व्ही.वर नुसत्या मुंग्या दिसतात. संच बिघडला असे समजून नव्यासाठी सोसायटीची उचल काढू नये.

आता प्रक्षेपण उपग्रहावरून डिजिटल येते. जुन्या संचाला ते उमगत नाही, म्हणून मधे सेटटॉप बॉक्स लागतो. पिवळी पिन चित्राची, पांढरी व तांबडी आवाजाची. संचामागे त्यांची भोके आहेत का, ते खरेदीआधी पाहावे.

दूरदर्शनची मोफत सेवा, डीडी फ्री डिश, २००४ पासून आहे. छत्री व बॉक्सचा खर्च एकदाच. महिन्याचे भाडे नाही. सह्याद्री व डीडी किसान दोन्ही दिसतात.

आपल्या भागात छत्रीचे तोंड आग्नेयेला असावे. समोर नारळ किंवा आंब्याची फांदी नको. पूर्वी चित्र हळूहळू धूसर होई. डिजिटल चित्र एकदम थांबते, चौकोन पडतात. अशा वेळी वाऱ्याने छत्री हलली का, ते आधी बघा.

उसाच्या बिलाचे पैसे बेण्याला आणि खताला राहू द्यात.

— ऊस विकास अधिकारी