नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश!

घरच्या पीसीत व्हायरस शिरला की आपण आधी आई-बाबांवर डाफरतो. मीही डाफरले. पण दार नेमकं उघडलं कोणी होतं?

शुक्रवारची संध्याकाळ, विकेंडचा मूड आणि घरून फोन.

"अगं, ते इंटरनेट उघडतं आणि आपोआप मिटतं. कोपऱ्यात सारखं येतंय, कम्प्युटरमध्ये पाच व्हायरस आहेत म्हणून. खाली नंबर दिलाय. लावू का?"

"बाबा, कशालाही हात लावू नका! मी येतेय."

मंडळी, हा फोन तुम्हालाही येत असणार. ऑफिसात आपलं काम एक्सेलचे रकाने भरण्याचं का असेना, घरी आपणच आयटी डिपार्टमेंट! शनिवारी सकाळी पुण्याहून डोंबिवली गाठली आणि पीसी सुरू केला. ब्राऊझर उघडला तर गुगलच्या जागी कुठलंतरी भलतंच सर्च पान. पाठोपाठ चार टॅब आपोआप उघडले, रमीच्या जाहिराती नाचल्या आणि मग अख्खी खिडकी गायब. डोक्याला शॉट!

"काय काय क्लिक करत बसता तुम्ही?" मी सुरू झाले. बाबा शांतपणे म्हणाले, "मी काही केलं नाही गं." मग आईने हळूच सांगितलं. हा प्रकार दिवाळीपासून, म्हणजे तीन आठवडे चालू होता. मी ओरडेन म्हणून बाबा बोलले नव्हते. चार दिवस तर त्यांनी पीसीला हातही लावला नव्हता. दुखरा गुडघा घेऊन लाइट बिलाच्या रांगेत उभे राहिले होते.

आधी वायर काढा

पहिलं काम, इंटरनेट तोडायचं. मशीनमध्ये कोणी बसलंच असेल तर त्याचा बाहेरचा रस्ता बंद. दुसरं काम, बाबांच्या नेट बँकिंगचा आणि ईमेलचा पासवर्ड बदलायचा, पण माझ्या मोबाइलवरून. ज्या पीसीवर संशय आहे, त्याच पीसीवर नवा पासवर्ड टाइप करणं म्हणजे चोरासमोरच नवं कुलूप लावण्यासारखं. खात्यातले तीन आठवड्यांचे व्यवहार एकेक करून तपासले. सगळे जागेवर होते. हुश्श!

आता तो 'पाच व्हायरस'वाला इशारा. खरं तर तो विंडोजचा नव्हताच. एखादी साइट 'तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाऊ दाबा' म्हणते, आपण दाबतो आणि तिला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळते. मग ती साइट बंद असली तरी कोपऱ्यात इशारे येत राहतात. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. अशा नंबरवर फोन केला की पलीकडचा गोड बोलणारा माणूस स्क्रीन शेअर करायचं अ‍ॅप टाकायला लावतो आणि पुढे खातं साफ. बाबा त्या फोनपासून एका बोटाच्या अंतरावर होते.

गुन्हेगार सापडला

मग सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची यादी उघडली आणि ती 'डेट इन्स्टॉल्ड'प्रमाणे लावली. हा फंडा लक्षात ठेवा. त्रास कधी सुरू झाला ते माहीत असेल तर त्या तारखेला घरात कोण आलं, ते ही यादी सांगते. पाडव्याच्या दिवशी चार पाहुणे एकदम आले होते. एक 'पीसी वेगवान करणारं' सॉफ्टवेअर, एक शॉपिंग टूलबार, एक सर्च असिस्टंट आणि एक फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर.

पीडीएफ कन्व्हर्टर? पाडव्याला? माझ्या पोटात गोळाच आला. फराळाचं ताट मांडीवर घेऊन, ऑफिसची एक फाइल घाईघाईत पाठवायला तो मीच टाकला होता. 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करत. मधल्या एका पानावर बाकीच्या तिघांपुढे टिकमार्क आधीच लावलेले असणार. मी वाचलंच नव्हतं. बाबा खरंच म्हणत होते, त्यांनी काही केलं नव्हतं.

साफसफाई

चौघांनाही अनइन्स्टॉल केलं. पण अशी मंडळी जाताना अंगणात काहीतरी पुरून जातात. म्हणून नेट जोडून विंडोजमधलाच डिफेंडर अपडेट केला आणि फुल स्कॅन लावला. त्याला वेळ लागतो, तेवढ्यात जेवून घ्या. नंतर त्याचाच 'ऑफलाइन स्कॅन'. यात विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसणाऱ्यांना लपायला जागा उरत नाही. पंधराएक मिनिटांचं काम. मग मालवेअरबाइट्सचं अ‍ॅडव्हक्लीनर. हे मोफत आहे आणि टूलबार-जाहिरातवाल्या किड्यांसाठीच बनवलंय. फक्त कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, नाहीतर पुन्हा तेच रामायण!

आता ब्राऊझर. क्रोमच्या मेनूत सगळ्यात खाली 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' अशी ओळ दिसत होती. ऑफिसच्या लॅपटॉपवर ती असतेच, पण डोंबिवलीतल्या आमच्या हॉलमध्ये कुठली ऑर्गनायझेशन? काही मालवेअर ही कंपन्यांसाठीची सोय वापरून आपलं एक्स्टेन्शन असं अडकवतात की ते काढायचं बटणच चालत नाही. अ‍ॅडव्हक्लीनर चालवल्यावर ती ओळ गेली आणि एक्स्टेन्शनही निघालं. मग नोटिफिकेशनच्या यादीतल्या अनोळखी साइट्स उडवल्या आणि 'रीसेट सेटिंग्ज' केलं. घाबरू नका, त्यात बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड जात नाहीत.

कॉलर ताठ करून मी बाबांसाठी नाट्यगीताचा व्हिडिओ लावला आणि... ब्राऊझर धाडकन बंद! आता काय? इन्कॉग्निटो विंडो उघडून पाहिली. तिथे आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय एक्स्टेन्शन चालत नाहीत. तिथेही बंद पडला म्हणजे दोष एक्स्टेन्शनचा नव्हता. पडत होता तो फक्त व्हिडिओ लावल्यावर. सेटिंग्जच्या 'सिस्टम' भागात जाऊन ग्राफिक्स अ‍ॅक्सेलरेशन बंद केलं आणि क्रोम पुन्हा सुरू केला. गाणं अखंड वाजलं. खोट जुन्या डिस्प्ले ड्रायव्हरची होती. तो अपडेट केल्यावर अ‍ॅक्सेलरेशन परत चालू करता आलं. थोडक्यात काय, प्रत्येक क्रॅश व्हायरसचा नसतो. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, म्हणजे दोष कशात आहे ते कळतं.

आणि एक सॉरी

संध्याकाळी चहा घेताना बाबांना खरं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे मी ढ नाही तर!" त्या हसण्याने मला जास्तच लागलं. मालवेअर चार तासांत गेला. पण माझ्या ओरडण्याच्या भीतीने बाबा तीन आठवडे गप्प बसले, त्याला कुठला स्कॅनर काढणार? अशा वेळी माणूस त्या कोपऱ्यातल्या नंबरला फोन करतो, कारण पलीकडचा निदान ओरडत तरी नाही.

आता आमचा करार झालाय. काही विचित्र दिसलं की बाबांनी मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढून मला पाठवायचा आणि मी आधी "बरं झालं सांगितलंत" म्हणायचं. पीसीवर त्यांचं साधं, अ‍ॅडमिन नसलेलं अकाउंट केलंय. आणि हो, घरी गेल्यावर मीसुद्धा तेच वापरते. अ‍ॅडमिनचा पासवर्ड बाबांकडे असतो. काही टाकायचं म्हटलं तर ते चष्मा लावून येतात आणि प्रत्येक पान मोठ्याने वाचून मगच 'नेक्स्ट' दाबतात.

हे लक्षात ठेवा

• पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि बँकेलाही कळवा.

• केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'त २०१७ पासून सफाईची मोफत टूल्स मिळतात.

• एका पीसीवर दोन अँटिव्हायरस नकोत. दोघं एकमेकांशीच भांडतात. मुदत संपलेला काढून टाका.

• विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरचा पीसी कशावर चालतो ते बघा.

• फोटोंची एक प्रत एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवा आणि काम झाल्यावर ती डिस्क पीसीपासून काढून ठेवा. एवढं करूनही लक्षणं परत आली तर सरळ फॉरमॅट मारा.